कमळ मंदिरात नमस्कार कुणाला करायचा?

खडीसाखर
मागच्या आठवड्यात दिल्लीला जाऊन आलो. मी, नवरा, लेक (इयत्ता सातवी) आणि साबा (म्हणजे सासूबाई, वय ७४, गुडघे नव्वदीचे, उत्साह सोळाचा). शेवटच्या दिवशी बहाई मंदिर, म्हणजे आपलं लोटस टेंपल.

फाटकातून आत गेलं की लांबच लांब लाल दगडी वाट, दोन्ही बाजूंना हिरवळ आणि समोर ते पांढरं कमळ. साबा थांबत थांबत चालत होत्या आणि दर थांब्याला "अजून तेवढंच लांब दिसतंय गं" म्हणत होत्या. चपला ठेवायला पिशवी मिळाली. दाराशी एका स्वयंसेविकेने सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं की आत बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, ज्याला जी प्रार्थना करायची ती मनात करा.

आत गेलो. प्रचंड मोठं दालन, बाकांच्या रांगा, वरून येणारा मऊ उजेड. बस्स. साबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "अगं, देव कुठंय?" तो प्रश्न वर घुमटात जाऊन, फिरून, सावकाश परत आला. दीडदोनशे लोकांनी वळून पाहिलं. स्वयंसेविकेने ओठांवर बोट ठेवलं, पण ती पण हसत होती.

मग त्या बाकावर बसल्या. पाच मिनिटांत उठतील असं वाटलं होतं, चांगल्या वीस मिनिटं बसल्या. हात मांडीवर, बोटं मात्र सारखी चाळवत होती. बाहेर बागेत आल्यावर म्हणाल्या, "चांगलं आहे गं. पण नमस्कार कुणाला करायचा?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही जाऊन आला असाल तर सांगा, तिथे नक्की काय करता? आणि गर्दी नसते अशी एखादी वेळ आहे का? आम्हाला शांततेसाठी रांग लावावी लागली.

निवांत
सकाळी उघडता उघडता जायचं, आणि मधल्या वारी. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शांतता विसरा, अख्खी दिल्ली तिथे असते. सोमवारी बंद. हे मी दोनदा सोमवारी जाऊन शिकलो आहे.

तिरकस
सासूबाई वीस मिनिटं गप्प बसल्या म्हणता? मग देव आहेच तिथे.

खडीसाखर
@तिरकस, साबा हा धागा वाचतात. मी मोठ्याने वाचून दाखवते. सांभाळून.

तिरकस
काकू, साष्टांग दंडवत. चूक झाली.

अभियंता७२
देव कुठे आहे ते मला माहीत नाही, पण ती इमारत उभी कशी आहे ते सांगू शकतो. आमच्या पिढीच्या स्थापत्यवाल्यांना त्या कामाचं फार कौतुक होतं. विद्यार्थिदशेत आम्ही त्याची छायाचित्रं वहीत चिकटवायचो.

वास्तुविशारद फरिबुर्झ साहबा, मूळचे इराणी. त्यांनी भारतभर फिरून देवळं पाहिली, आणि इथल्या वेगवेगळ्या धर्मांत कमळ सारखं भेटतंय हे त्यांच्या लक्षात आलं. पाकळ्या एकूण २७. तीन थर, प्रत्येक थरात ९. सगळ्यात बाहेरच्या नऊ पाकळ्या बाहेर उमलून दारांवर छत धरतात, मधल्या नऊ वर चढतात, आतल्या नऊ अर्धवट मिटलेल्या कळीसारख्या. मधल्या दालनाची उंची सुमारे ३४ मीटर.

आता मजा पाहा. या आकारात सरळ रेषा जवळपास नाहीच. संगणकावर झटपट चित्र काढायची सोय आजच्यासारखी नव्हती. गोल, शंकू वगैरे भूमितीतले आकार एकमेकांना छेदून या पाकळ्या बसवल्या. आराखडा कागदावर आणण्यातच काही वर्षं गेली. प्रत्यक्ष बांधकाम १९८० ला सुरू झालं, लार्सन अँड टुब्रोने केलं, आणि डिसेंबर १९८६ मध्ये मंदिराचं समर्पण झालं. सर्वांसाठी १ जानेवारी १९८७ पासून खुलं.

पाकळीचं काँक्रीट ओतायला घेतलं की मध्ये थांबायचं नाही, नाहीतर सांधा दिसतो. म्हणजे रात्रंदिवस काम. आणि ते काँक्रीट वर नेलं कुणी? बायकांनी, डोक्यावर घमेली घेऊन, परांचीवरून (मचाणाला आम्ही परांचीच म्हणतो) चढत. इमारतीचे फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

वरचा संगमरवर ग्रीसमधल्या पेंटेली डोंगरातला, ज्यातून अथेन्सचं पार्थेनॉन बांधलं तोच. तो इटलीत कापून-घडवून दिल्लीला आला. प्रत्येक तुकड्याची जागा आधीच ठरलेली.

नमस्कार मी त्या घमेलं वाहणाऱ्या बायकांना केला. हे माझं उत्तर.

चिंचगुळ
@अभियंता७२, वाचताना अंगावर काटा आला. एक शंका, आत एवढं गार कसं लागतं? मी जूनमध्ये गेले होते, बाहेर भट्टी होती.

अभियंता७२
कमळाभोवतीची ती नऊ तळी नुसती शोभेची नाहीत. पाण्यावरून येणारी हवा तळघरातून दालनात घेतात, गरम हवा वर चढते आणि माथ्यावरून बाहेर पडते. चिमणीचंच तत्त्व. आपल्या जुन्या वाड्यांच्या चौकांत हेच होतं, फक्त कुणी त्यावर प्रबंध लिहिला नाही.

गोगलगाय
मी थोडा वेगळा सूर लावतो. माझा अनुभव अगदीच बेकार. एका सहलवाल्याबरोबर गेलो होतो (नाव नको). त्याने "लोटस टेंपल, पंचवीस मिनिटं" असं फर्मान काढलं. मे महिना, दुपारचे दोन. फाटकापासून दारापर्यंत जाण्यातच बारा मिनिटं गेली. अनवाणी पायांनी शेवटचा टप्पा नाचत पार केला. आत बसलो तोच घड्याळ पाहून उठलो. बसमध्ये आल्यावर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "लांबूनच छान दिसतं." मला तेव्हा पटलं होतं.

सांगायचा मुद्दा, ही जागा 'पाहायची' नाहीच. पाच ठिकाणांच्या यादीत कोंबली की तिचं पोस्टकार्ड होतं.

निवांत
@गोगलगाय +१. ज्याच्याकडे तासभर नाही त्याने ओखला एनएसआयसी मेट्रो स्थानकावरून बघावं. झकास दिसतं, आणि चपला काढाव्या लागत नाहीत.

तिरकस
बहाई म्हणजे मुसलमानांतलाच एखादा पंथ ना? की पारशांतला? खरंच विचारतोय, खोड्या काढत नाहीये.

पिंपळपान
दोन्ही नाही. स्वतंत्र धर्म आहे. आमच्या शेजारी पंचवीस वर्षं एक बहाई कुटुंब राहत होतं, त्यामुळे थोडंफार ठाऊक आहे.

सुरुवात इराणमध्ये, एकोणिसाव्या शतकात. आधी 'बाब' म्हणून ओळखले जाणारे एक तरुण (जन्म १८१९) उभे राहिले. ते म्हणाले, एक मोठा ईश्वरदूत लवकरच येतोय, त्याची तयारी करा. १८५० मध्ये तबरीझ शहरात त्यांना गोळ्या घालून मारलं. त्यांच्या अनुयायांपैकी बहाउल्लाह (१८१७ ते १८९२) यांनी तो ईश्वरदूत आपणच असं जाहीर केलं. त्यांचं पुढचं आयुष्य हद्दपारीत आणि कैदेत गेलं. तेहरान, बगदाद, इस्तंबूल, एदिर्ने आणि शेवटी अक्का. पारशांचा संबंध असा की भारतातले सुरुवातीचे बरेच बहाई इराणी जरथुश्त्री घराण्यांतून आलेले. त्यामुळे आडनावं ऐकून घोटाळा होतो.

त्यांची शिकवण थोडक्यात सांगायची तर देव एक, सगळे धर्म त्याच्याकडूनच वेळोवेळी आलेले, आणि माणूसजात एक. कृष्ण, बुद्ध, येशू, महंमद हे सगळे त्यांच्या लेखी ईश्वराचे प्रतिनिधी. पुजारी, मौलवी, भटजी असा वर्गच नाही. आमचे शेजारी दर एकोणीस दिवसांनी एकत्र जमायचे. त्यांच्या पंचांगात १९ दिवसांचे १९ महिने असतात, उरलेले चार-पाच दिवस पाहुणचाराला आणि दानधर्माला. हा हिशेब मला लहानपणी फार आवडायचा. वाटायचं, वर्षाला चार-पाच दिवस शिल्लक ठेवणारा धर्म भलाच असणार.

आता मंदिराबद्दल. त्यांच्या मंदिराला नऊ बाजू आणि मध्यवर्ती गोल आकार हवाच. नऊ हा एक आकडी संख्यांतला सगळ्यात मोठा, म्हणून पूर्णत्वाचा. शिवाय 'बहा' या शब्दातल्या अरबी अक्षरांची किंमत मिळवली की नऊच येते. आत मूर्ती नाही, तसबीर नाही, वेदी नाही, व्यासपीठ नाही. प्रवचन करायला परवानगी नाही. फक्त धर्मग्रंथांतलं वाचायचं किंवा गायचं, आणि ग्रंथ कुठल्याही धर्माचा चालतो.

खडीसाखरताई, तुमच्या साबांना सांगा की प्रश्न अगदी बरोबर आहे. तिथे मुद्दामच कुणी ठेवलेलं नाही.

चिंचगुळ
आणि दानपेटी! माझ्या वडिलांनी खिशातून नोट काढून अख्ख्या परिसरात दानपेटी शोधली. शेवटी एका स्वयंसेवकाच्या हातात द्यायला गेले तर त्याने हात जोडले. बहाई नसलेल्यांकडून ते देणगी घेतच नाहीत म्हणे. वडील दिवसभर अस्वस्थ. "फुकट दर्शन घेतलं" हे त्यांच्या मनातून जाईना. संध्याकाळी शेजारच्या कालकाजीच्या देवळात जाऊन ती नोट तिथे टाकली तेव्हा कुठे जेवले.

पिंपळपान
@चिंचगुळ, हाहा, काकांचं बरोबर आहे. पण हो, खर्च बहाईंच्याच पैशांतून चालतो. दिल्लीच्या जमिनीचीही गोष्ट तशीच. सिंध-हैदराबादच्या अर्देशिर रुस्तमपूर या गृहस्थांनी आयुष्यभराची पुंजी मृत्युपत्रात या कामासाठी ठेवली, आणि १९५३ साली बहापूर गावची ती जागा घेतली गेली. गावाचं नाव आधीपासूनच बहापूर. हा योगायोग मला फारच आवडतो.

कोरडा_पाऊस
सगळं वाचलं. आता माझं स्पष्ट मत. ही सुंदर इमारत आहे, सुंदर बाग आहे, पण मंदिर म्हणवत नाही. गाभारा नाही, घंटा नाही, तीर्थ नाही, प्रसाद नाही, टाळ नाही. देवळात गेल्यावर कपाळाला काहीतरी लागलं पाहिजे, हातावर काहीतरी पडलं पाहिजे, आणि कुणाच्या तरी कोपराचा धक्का बसला पाहिजे. शांतता मला वाचनालयातही मिळते. साबांचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर 'कुणालाच नाही' हे आहे.

निवांत
वाचनालयात शांतता? कुठलं वाचनालय हे? पत्ता द्या.

रियाज_चालू
@कोरडा_पाऊस, गाभारा नाही मान्य. पण एकदा तिथली प्रार्थना ऐका. आम्ही गेलो तेव्हा दिवसातून चार वेळा व्हायची. वाद्यं अजिबात नाहीत, पेटी-तबला सोडा, तानपुराही नाही. फक्त गळा.

मी गाणं शिकते म्हणून हे जास्त जाणवलं असेल. एक मुलगी उभी राहिली, कुठला तरी संस्कृत श्लोक म्हणाली, अगदी साध्या चालीत. मग एकाने फारसी, एकाने इंग्रजी. त्या दालनाची आस इतकी लांब आहे की एक स्वर सोडला की तो पुढच्या स्वराखाली तसाच उभा राहतो. म्हणजे तानपुरा नाही, पण इमारतच तानपुरा होते. मात्र तान घेतलीत तर मेलात. सगळ्याचा लगदा होईल. तिथे विलंबितच पाहिजे, आणि मध्ये मोठ्या जागा सोडून. ती मुलगी बरोबर तेच करत होती. ओळ संपली की थांबायची, आवाज वर जाऊन विरेपर्यंत, मग पुढची ओळ.

साबांचा "देव कुठंय" तिथे किती छान लागला असेल याची मला पूर्ण कल्पना आहे.

खडीसाखर
@रियाज_चालू, शेवटचा 'कुठंय' तर दोनदा आला!

रानमेवा
धागा वर आलाच आहे तर हैफा शहरातल्या बहाई बागांबद्दल लिहितो. कामानिमित्त इस्राएलला दोन महिने होतो तेव्हाची गोष्ट.

लोक फोटो पाहून तिथलं सोनेरी घुमटाचं मंदिर म्हणतात, पण ते मंदिर नव्हे, बाबची समाधी आहे. कार्मेल डोंगराच्या उतारावर. त्याच्या वर नऊ आणि खाली नऊ अशा पायऱ्यापायऱ्यांच्या बागा, समाधीची धरून एकोणीस. लांबी साधारण एक किलोमीटर. बागा २००१ च्या मे महिन्यात खुल्या झाल्या आणि रचनाकार तेच, आपल्या दिल्लीचे साहबा. २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

मी वरून खाली उतरलो. मार्गदर्शक बरोबर असतो आणि तो वाट सोडू देत नाही. सुरूची झाडं रांगेत, कुंपणं कात्रीने कापलेल्या केसांसारखी. पहिल्या दहा मिनिटांत मला ते सगळं जरा जास्तच शिस्तीचं वाटलं. बाग म्हटली की थोडा गबाळेपणा हवा, पडलेली पानं हवीत, एखादी मांजर हवी. (मांजर नंतर दिसली. शिस्तीत बसली होती.)

पण एक गोष्ट त्या माणसाने कमाल केली आहे. जिन्याच्या दोन्ही कडांनी पाणी वाहत खाली येतं. खाली अख्खं बंदराचं शहर, बस, ट्रक, भोंगे. तरी पायऱ्या उतरताना कानावर पाणीच. आणि मध्यभागापासून बाजूला गेलं की ती कात्रीची शिस्त हळूहळू सुटते, कडेला जंगली झाडं तशीच ठेवलीत. हे कुणी दाखवलं नाही, तिसऱ्या फेरीला कळलं. हो, मी तीनदा गेलो. दुसऱ्यांदा 'जास्त शिस्तीची' म्हणायला आणि तिसऱ्यांदा ते मागे घ्यायला.

तिरकस
इराणी लोकांची समाधी इस्राएलमध्ये? हे कसं काय जमलं बुवा?

रानमेवा
@तिरकस, कारण तेव्हा इस्राएल नव्हतंच. तो सगळा ओटोमन तुर्कांचा मुलूख. बहाउल्लाहना १८६८ मध्ये कैदी म्हणून अक्काला पाठवलं ते त्याच सरकारने. कैदी म्हणून आले आणि तिथलेच झाले. त्यांची समाधी अक्काजवळ बहजीला आहे. जगभरचे बहाई रोजची नित्य प्रार्थना करताना त्याच दिशेला तोंड करतात.

पिंपळपान
आणि इराणमध्ये आजही त्यांचे हाल आहेत, हे लिहायलाच हवं. बाग बघताना ते लक्षात राहत नाही. त्यांचं जगातलं पहिलं मंदिर अश्काबादला, आताच्या तुर्कमेनिस्तानात. १९०२ मध्ये बांधायला घेतलेलं. इराणमधून तिकडे गेलेल्या बहाईंनी हौसेने उभारलं, सोव्हिएत सरकारने ताब्यात घेतलं, १९४८ च्या भूकंपात खिळखिळं झालं आणि १९६३ मध्ये पाडलं. त्याच्याही भोवती बाग होती.

बर्फाचा_गोळा
शिकागोच्या उत्तरेला विल्मेट म्हणून गाव आहे, तिथलं मंदिर आमच्यापासून अर्ध्या तासावर. आई-बाबा, मावशा, कुणीही पाहुणे आले की न्यायचं ठिकाण. विमानतळ, मंदिर, तळं, घर असा ठरलेला क्रम. नऊ बाजूंना नऊ बागा, घुमट म्हणजे अक्षरशः लेस विणलेली. तेही काँक्रीटच @अभियंता७२, त्यात गारगोटीची भुकटी घातल्यामुळे चमकतं. समर्पण १९५३ मध्ये.

पण मला इमारतीपेक्षा तिथल्या एका दगडाची गोष्ट आवडते. नेटी टोबिन नावाच्या शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बाई. मंदिरासाठी देणगी द्यायला पैसे नाहीत. म्हणून एका बांधकामावर जाऊन दगड मागितला. मुकादमाने टाकाऊ म्हणून बाजूला काढलेला एक दिला. तो बाईंनी बाबागाडीतून, ट्राममधून, हातगाडीवरून, कशाकशातून ओढत त्या माळावर नेऊन टाकला. काही वर्षांनी, १ मे १९१२ ला, बहाउल्लाहंचे पुत्र अब्दुल बहा कोनशिला बसवायला आले. मंदिराची जागा तयार, आणि समोर तोच दगड. तोच बसवला. आजही तळमजल्यावर पाहायला मिळतो. संगमरवर नाही, काही नाही, ओबडधोबड.

माझी आई तिथे गेली आणि काय केलं माहितीये? वाकून त्या दगडाला हात लावून डोळ्यांना लावला. @खडीसाखर, आमच्याकडे प्रश्नच आला नाही, आईला दगड सापडला!

कोरडा_पाऊस
बघा! मी काय म्हणत होतो? माणसाला दगड लागतोच. :)

अभियंता७२
तो दगड निदान आयआयटीतून पास झालेला नाही, नापास झालेला आहे. म्हणून जास्त जवळचा वाटतो.

चिंचगुळ
विषयांतर, पण नेहरू प्लेस तिथून हाकेच्या अंतरावर आहे. आमचे हे "तुम्ही शांतता अनुभवा, मी लॅपटॉपचा रॅम बघून येतो" म्हणून जे गेले ते तीन तासांनी आले. कुणाला नक्की जास्त समाधान मिळालं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

निवांत
वहिनी, त्यांनी देव शोधला.

वाट_चुकलेला
मी दिल्लीतच राहतो, नोकरीमुळे, नऊ वर्षं झाली. वाचत होतो नुसता, पण आता लिहितोच.

त्या भागात एक गंमत आहे जी पर्यटकांच्या ध्यानात येत नाही. कालकाजी मंदिर मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की जवळजवळ शेजारी दोन देवस्थानं आहेत. एकीकडे कालकादेवी. चुनऱ्या, नारळ, घंटा, नवरात्रात तर मुंगी शिरणार नाही अशी गर्दी. आणि दुसरीकडे हे, बिनघंटेचं. मी पहिली दोन वर्षं फक्त पाहुण्यांना घेऊन जायचो. नंतर एकदा नोकरीचं बिनसलं होतं, घरी कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, तेव्हा एकटा गेलो. डिसेंबर होता, धुकं, कमळ अर्धंच दिसत होतं. आत मोजून तीसेक माणसं. काय केलं विचाराल तर काहीच नाही. हिशेब केला मनात, कर्जाचे हप्ते किती राहिले वगैरे. प्रार्थना सुचली नाही. शेजारच्या बाकावर एक सरदारजी ओठ हलवत बसले होते, त्यांच्या पलीकडे बुरख्यातली एक बाई, पुढे शाळेची दोन पोरं, त्यांना हसू आवरत नव्हतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

@कोरडा_पाऊस, तुमचं कोपराच्या धक्क्याचं मला पटतं. मी कालकाजीलाही जातो. पण काही दिवस असे असतात की कोपर नको असतं. त्या दिवशी कुणी मला तीर्थ दिलं असतं, कपाळाला अंगारा लावला असता, तर "काय रे, कसा आहेस?" असं विचारल्यासारखं झालं असतं आणि मी रडलो असतो. तिथे कुणी काही विचारलं नाही.

आता महिन्यातून एकदा तरी जातो. बागेत जास्त वेळ काढतो, खरं सांगायचं तर. हिरवळीवर पाय ठेवू देत नाहीत, वाटेनेच चालायचं. पण परतीच्या वाटेवर वळून पाहिलं की दर वीस पावलांनी पाकळ्यांची मांडणी बदलते. कधी सात दिसतात, कधी अकरा. सत्तावीस एकदम कधीच दिसत नाहीत.

कोरडा_पाऊस
@वाट_चुकलेला, तुमच्या प्रतिसादापुढे माझं वाचनालय मागे घेतो. बाकी मुद्दे तसेच.

रानमेवा
हिरवळीवरून आठवलं, दिल्लीची बाग करताना आधी रोपवाटिका उभारून त्या मातीत कुठली देशी झाडं-फुलं तगतील याचा अभ्यास केला होता. बांधकामाच्या पैशातून वाचवून. फोटोत सगळ्यांच्या कमळ येतं, झाडांची नावं कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी कुणी गेलं तर यादी करून आणा, इथे टाकू.

तिरकस
बिहार शरीफलाही एक होणार आहे ना? मागे वाचलं होतं.

पिंपळपान
हो, २०१२ मध्ये जाहीर झालं होतं. ते स्थानिक मंदिर असेल, दिल्लीसारखं अख्ख्या उपखंडासाठी नाही. कंबोडियात बॅटमबँगला असंच स्थानिक मंदिर २०१७ मध्ये झालं. छोटेखानी, शेतांच्या मध्ये.

खडीसाखर
बापरे, एवढे प्रतिसाद! काल रात्री जेवण झाल्यावर साबांना सगळा धागा वाचून दाखवला, अक्षरन् अक्षर. घमेलेवाल्या बायकांपाशी म्हणाल्या, "परत वाच." दानपेटीवर खूप हसल्या. @वाट_चुकलेला, तुमचं वाचल्यावर काही बोलल्या नाहीत, फक्त "त्याचं लग्न झालंय का?" असं विचारलं. घाबरू नका, त्या सगळ्यांबद्दल विचारतात.

मग मी म्हटलं, आई, आता सांगा, नमस्काराचं काय ठरलं? तर म्हणतात कशा, "नमस्काराचं राहू दे गं. मी तर पाय दुखत होते म्हणून बसले होते. बसल्यावर बरं वाटलं. पण हात रिकामे राहतात बघ तिथे. पुढच्या वेळी वातींचा कापूस घेऊन जाईन. एवढ्या वेळात शंभरेक वाती सहज होतील."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती बोटं मांडीवर वीस मिनिटं काय करत होती.

तर आता नवा प्रश्न: आत कापूस नेऊ देतात का?

वाट_चुकलेला
लग्न झालंय, काकूंना सांगा. आणि कापसाचं या शनिवारी जाऊन विचारतो.

अभियंता७२
नियमात नक्की बसतं. मूर्ती नाही, वाद्य नाही, प्रवचन नाही. कापसाबद्दल कुठे काही म्हटलेलं नाही.

रियाज_चालू
आणि आवाजही होत नाही.

निवांत
फक्त सोमवारी जाऊ नका.